डाव्या कानाची फुली

हॉस्पिटलात तिला सगळे ताई म्हणायचे. कान तपासायला आलेली पोरं मात्र तिला टूंबाई म्हणत, कारण त्यांच्या कानाला हेडफोन लावताना ती सांगायची, "टूं वाजलं की बोट वर करायचं. लबाडी चालणार नाही." बावीस वर्षं तिनं हेच काम केलं. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, बाहेर मशीनपाशी आपण बसायचं, टोन सोडायचा, बोट वर आलं की कागदावर खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. खुणा वर राहिल्या तर कान ठणठणीत, खाली उतरत गेल्या की समजायचं, गाडी घसरली. दिसायला काम सोपं, पण करून बघा म्हणावं. ऐकू येत असून नाही म्हणणारे येतात, आणि काही ऐकू येत नसताना मान डोलावणारे त्याहून जास्त येतात. त्यातले निम्मे कुणाचे तरी सासरे. ताईला दोन्ही जाती मिनिटभरात ओळखू यायच्या.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या हाताखाली एक मुलगी आली. ती धाकटी. पहिल्या महिन्यात तिनं एका आजोबांचे दोन्ही कान उलटेपालटे लिहिले होते, उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे. ताईनं ते पोटात घातलं, कागद फाडला, आजोबांना चहा पाजून परत खोलीत बसवलं, आणि वर कुणाला कळू दिलं नाही. हात धरून शिकवलं म्हणतात ना, तसं अगदी खरोखर हात धरून शिकवलं. आणि एक नियम पहिल्याच दिवशी सांगितला: स्वतःचा कान स्वतः तपासायचा नाही. बटण आपणच दाबतो, मग टोन कधी आला ते बोटाला आधीच ठाऊक असतं. आपला कान नेहमी दुसऱ्याच्या हाती द्यायचा.

दोघी एकाच बसनं यायच्या. हॉस्पिटलची स्टाफबस, जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आणि इंजिन असं की बसमध्ये बोलायचं म्हणजे ओरडायचं. अकरा वर्षं दोघी शेजारी बसून ओरडत आल्या. धाकटीचं लग्न, बाळंतपण, घर बदलणं, सासूशी वाजणं, सगळं त्या बाकावर झालं. ताईच्या नवऱ्याच्या भाषेत सांगायचं तर, "माझ्यापेक्षा त्या पोरीला तुझं जास्त माहीत आहे." तो चेष्टेनं म्हणायचा, पण खोटं काही नव्हतं.

मार्चमध्ये ताईला जबर सर्दी झाली. सर्दी उतरली आणि एक दिवस सकाळी मशीनची रोजची तपासणी करताना डाव्या बाजूचा सहा हजारचा बारीक, उंच टोन तिला आलाच नाही. रोज पेशंट यायच्या आधी एकेक टोन स्वतः ऐकून मशीन नीट आहे ना ते बघावं लागतं, तेवढंच. आधी वाटलं वायर गेली. वायर बदलली, तरी तेच. ताई घाबरली. कानावर पोट असलेलं माणूस, घाबरणार नाही तर काय करणार. त्यात त्याच आठवड्यात नोटीस लागली होती की नव्या जन्मलेल्या बाळांचे कान तपासायचा वेगळा विभाग निघणार आणि त्याला एक इन्चार्ज नेमणार. दहा वर्षं ताईच त्या विभागासाठी अर्जांवर अर्ज करत होती.

तिनं धाकटीला बाजूला घेतलं. म्हणाली, "माझा कान बघ. कुणाला बोलू नको."

धाकटीनं दार लावून घेतलं, तिला काचेच्या खोलीत बसवलं, वीस मिनिटं टोन सोडले. ताई बाहेर आली तेव्हा कागद तयार होता. गोल वर, फुल्या वर, एका ओळीत.

"सगळं नॉर्मल आहे ताई. सर्दीनं दडा बसला असेल, सुटेल आपोआप. आणि खरं सांगू का, ही बस तुमचे कान खाते. तुम्ही तो आवाज बंद करणारा हेडफोन घ्या. कानाला विश्रांती द्या जरा. सकाळची मशीनची तपासणी पण आता मी करत जाईन."

ताईचे डोळे भरून आले. पोटची पोर असती तरी एवढं बोलली असती का, असं तिला वाटलं.

शनिवारी दोघी मिळून दुकानात गेल्या. धाकटीनंच निवडला: मोठा, अख्खा कान झाकणारा, काळा, गाद्या लोण्यासारख्या मऊ. दुकानातला पोरगा आवाजाच्या लहरी म्हणजे काय ते समजावून सांगायला लागला आणि दोघींना हसू आवरेना. घरी नवरा म्हणाला, "घरात पण लावत जा. निदान भांडण एकतर्फी होईल."

आणि खरंच, काय सुख होतं ते. बसमध्ये चढायचं, खिडकीशी बसायचं, हेडफोन चढवायचा, बाजूचं बटण दाबायचं, की इंजिन गायब. गाणीबिणी ती लावायचीच नाही. बावीस वर्षं दिवसभर टूं टूं ऐकलेल्या बाईला गाणी कशाला हवीत, तिला शांतता हवी होती. दोन्ही कानांत सारखीच मऊ शांतता. कुठला कान कमी, कुठला जास्त, ते कळायचा प्रश्नच उरला नाही. धाकटी आता पुढे शिक्केवालीच्या शेजारी बसायला लागली. "तुम्ही शांत बसा ताई, मी शेजारी असले की नुसती बडबड करते." शिक्केवाली म्हणजे ऑफिसातली, जिच्या शिक्क्याशिवाय त्या हॉस्पिटलात कापूससुद्धा हलत नाही.

एक गोष्ट मात्र ताईला पहिल्याच आठवड्यात कळली होती. हा हेडफोन इंजिन खातो, पंखा खातो, टायरची घरघर खातो. माणसाचा आवाज काही सगळा खात नाही. म्हणजे कसं, बसमध्ये लोक इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलतात, आणि ताईसाठी इंजिन नव्हतंच. त्यामुळे मागच्या बाकावरचं बोलणं तिला आधीपेक्षा स्वच्छ यायचं. कुणाचं कुणाशी फिसकटलंय, कोण रजेच्या नावाखाली कुठे जाऊन आलं, सगळं. तिला जरा लाजही वाटायची आणि मजाही. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. धाकटीला सांगायची गरजच नव्हती, कारण जाड आवाज आधी मरतो आणि बोलणं उरतं हे त्यांच्या धंद्यातलं अगदी पहिलीचं पुस्तक होतं. तिलाही ते माहीत असणारच, असं ताई धरून चालली होती.

पण माणूस दुसऱ्याचे कान तपासता तपासता आपल्या तोंडाचं विसरतो.

ऑगस्टमधल्या एका सकाळी बसमध्ये शिकाऊ नर्सांचा घोळका आधीच बसला होता. पुढे जागा नव्हती. धाकटी आणि शिक्केवाली मागे आल्या आणि नेमक्या ताईच्या पाठच्या बाकावर बसल्या. धाकटीनं ताईच्या खांद्यावर थोपटलं, ताईनं मागे वळून हसून मान हलवली. बस निघाली. इंजिन सुरू झालं, म्हणजे त्यांच्यासाठी.

"हिचं काय करायचं मग?" शिक्केवाली म्हणाली. "इन्चार्जच्या यादीत पहिलं नाव तिचंच आहे."

"ते जाईल," धाकटी म्हणाली. "डावा कान गेलाय तिचा. चार हजारच्या वर काही नाही. मार्चमध्येच बघितला मी."

"आणि तिला?"

"तिला नॉर्मल म्हणून सांगितलं. दुसरा ग्राफ काढून दिला."

"अगं, ऐकेल ती."

"छे. बॉम्ब पडला तरी कळायचं नाही आता तिला. मीच तर घेऊन दिलाय."

आणि दोघी हसल्या. ते हसणंसुद्धा स्वच्छ आलं.

वळावं, हेडफोन काढून तिच्या तोंडावर मारावा, असं ताईच्या मनात आलं, पण हात मांडीवरून उठेचनात. उरलेली वाट ती तशीच बसून राहिली, खिडकीकडे तोंड करून, आणि मागे त्या दोघी पडद्यांच्या कापडावर बोलायला लागल्या होत्या. अकरा वर्षं. बाळंतपणात हिच्यासाठी दोन महिने दुहेरी पेशंट बघितले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच का, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात गरगरत राहिला.

हॉस्पिटलात पोचल्यावर धाकटी चहाला गेली. ताईनं खोलीत जाऊन कडी लावली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. मशीनचा हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. डावी बाजू. पाचशे, आला. हजार, आला. दोन हजार, आला, पण लांबून. चार हजार दाबला. मशीनवर टोन जात असला की छोटा हिरवा दिवा लागतो. दिवा लागला होता. आवाज वाढवला. दिवा लागलेला. आणखी वाढवला. सहा हजार, आठ हजार. बटण आपणच दाबलंय, बोटाला ठाऊक आहे, दिवा डोळ्यासमोर आहे, आणि कानात काही नाही. ती दिव्याकडे बघत रडली, आवाज न करता.

मोठे डॉक्टर, म्हणजे कानाच्या विभागाचे प्रमुख, त्यांच्याकडे ती सरळ गेली. अपॉइंटमेंट नाही, काही नाही. त्यांनी तिला बघितलं आणि आधी तेच अवघडले.

"बसा ताई. मीच विषय काढणार होतो. पण तुम्हाला बोलायचं नाही असं कळलं, म्हणून गप्प राहिलो."

"कुणाकडून कळलं?"

"तुमच्याच धाकटीकडून. गेल्या आठवड्यात ग्राफ घेऊन आली होती. म्हणाली, ताईंना सगळं माहीत आहे, उपचार नको म्हणाल्या, मनाला लावून घेतलंय, तुम्ही विचारू नका."

त्यांनी खणातून कागद काढला. धाकटीचंच अक्षर. लाल गोल वर. निळ्या फुल्या मध्यापर्यंत बऱ्या, मग जिना उतरावा तशा खाली खाली. कोपऱ्यात मार्चमधली तारीख. तीच तारीख, ज्या दिवशीचा दुसरा कागद ताईच्या घरी कपाटात जपून ठेवला होता.

"सर," ताईनं विचारलं, "मार्चमध्येच आले असते तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्हाला मी काय सांगू. तुम्हीच रोज सांगता पेशंटना. अचानक गेलेला कान पंधरा दिवसांत दाखवला तर औषधाचा उपयोग होण्याची शक्यता असते. सगळ्यांचा परत येतो असं नाही, पण बऱ्याच जणांचा येतो."

"आणि आता?"

त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. ताईला उत्तर माहीत होतं. पेशंट उशिरा आला की ती स्वतःच चिडायची, घरच्यांना बोलायची, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

ती खोलीत परत आली तेव्हा धाकटी मशीन पुसत होती. ताईनं कागद तिच्यापुढे ठेवला. धाकटीनं तो बघितला, मग दाराकडे बघितलं, मग परत कागदाकडे.

"ताई, मला खरंच वाटलं होतं की सर्दीनं असेल. येईल परत."

"मग दुसरा का काढलास?"

"तुम्ही घाबरला होतात."

"मी घाबरले होते म्हणूनच तुझ्याकडे आले होते ना. पंधरा दिवस हातात होते, धाकटे. तुला तोंडपाठ आहे पंधरा दिवस. मीच पाठ करून घेतलेत." ताईचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणि वर तो हेडफोन. दोन्ही बाजूंनी सारखं करून ठेवलंस, म्हणजे मला कळायलाच नको. दुकानात माझ्या कानाला लावून बघत होतीस, बसतो का नीट, दुखत नाही ना."

धाकटी रडायला लागली. खोटं रडत नव्हती, तेवढं ताईला कळत होतं, आणि त्यानं काही फरक पडत नव्हता. ओढणीनं नाक पुसत ती म्हणाली, "मला इन्चार्ज व्हायचं होतं ताई. तुम्ही असताना मला कधीच कुणी विचारलं नसतं. चुकलं माझं. मी आत्ता जाऊन सांगते सरांना. नाव मागे घेते. तुम्हीच व्हा इन्चार्ज."

"इन्चार्जचं राहू दे," ताई म्हणाली. "माझा कान दे."

बाहेर पहिला पेशंट येऊन बसला होता, आणि दोघींपैकी कुणीच त्याला आत बोलावत नव्हतं.