अंबाडीच्या वरच्या अंगाला

बायकांनी पूर्णेवर मासे-शिंपल्यांना जायचं नाही, अशी दवंडी आमच्या गावात पिटली गेली तेव्हा मी वीस-बावीस वर्षांची असेन. निजामाचं राज्य होतं आणि गावात पोलीस पटेलाचा शब्द म्हणजे हुकूम. मनाईचं कारण मीच होते, हे आधी सांगून टाकते.

त्या पौषात नदीच्या कडेला मला शिंपल्यांचा खच दिसला. चिखलात हात घालून चाचपावंही लागलं नाही. तोंडं उघडी टाकून सगळ्या वरच पडल्या होत्या. चार मासेही उताणे तरंगत होते. नदीनं आपण होऊन दिलं असं समजून मी टोपली भरली. ते कालवण खाऊन आमच्या आळीतली सात माणसं आजारी पडली. माझी थोरली जाऊ तर तीन दिवस शुद्धीवर नव्हती. मी स्वतः वाचले, कारण माझ्या वाट्याला कालवण उरलंच नव्हतं.

गावानं ठरवलं, शिंपल्यांत विष आलं. मी मात्र डोकं चालवत राहिले. त्या दिवसांत गावाची अंबाडी नदीत भिजत पडलेली असे. पेंढ्या दगडांखाली दाबून पंधरा दिवस कुजवायच्या, मग वाख सोलून दोर वळायचे. त्या कुजक्या पाण्याच्या खालच्या अंगालाच, ते वाहत येतं तिथं, मी टोपली भरली होती. पाण्याला घाण येत असणारच. पण अंबाडीच्या दिवसांत आमच्या हातांना, लुगड्यांना, भाकरीलासुद्धा तोच वास. मला तो वेगळा कळलाच नाही.

मनाई साधी गोष्ट नव्हती. घरातलं धान्य सासऱ्यांच्या हातात, दूध सासूबाईंच्या. नदीवरची टोपली तेवढी आमची, कुणाला न विचारता आणलेली. ती गेली की तोंडी लावायला चिमूटभर तिखट हवं तरी विचारणं आलं.

पुढच्या वर्षी अंबाडी पाण्यात पडली आणि मी पाणवठ्यावर जाहीर केलं, "मी परवा जानार हाय. अंबाडीच्या वरच्या अंगाला."

पटेल घोड्यावरून चालले होते. त्यांनी लगाम ओढला. "गेल्या साली जावंला मारायला निघाली व्हतीस. आता कुनाचा नंबर हाय?"

"शिंपल्यानं न्हाई, पटेल, अंबाडीच्या पान्यानं झालं ते. अन् त्या पान्यात सगळ्यात जास्ती पेंढ्या तुमच्याच हायत."

बायका घागरी टाकून पळतील असं वाटलं. एक म्हातारी खुदकन हसली आणि तोंडाला पदर लावला.

"सून लय बोलायली," पटेल म्हणाले. "पुन्हा कुनी आजारी पडलं तर गावात ऱ्हायचं न्हाई."

"मान्य. आदी मीच खाते. चावडीपुढं, दिवसाढवळ्या."

घरी येऊन मी बेत आखला. सहा जणी, जास्त नाही. पोटुशी नको, लेकुरवाळी नको. दोघी-दोघींनी जोडीनं चालायचं, हातात काठी, काठी रुतली तर पुढचं पाऊल नाही. पाणी गुडघ्याच्या वर गेलं की मागं. डोहाच्या कडेला जाणारीनं कमरेला चऱ्हाट बांधायचं आणि दुसरं टोक काठावरच्या बाभळीला. चऱ्हाट अंबाडीचंच होतं. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं, त्याच्या पाण्याशी होतं.

कुणी बुडालं तर बोल नको म्हणून बाभळीजवळ दोर सांभाळायला कोणी तयार होईना. शेवटी थोरली जाऊ उठली.

"मी धरते दोर. पर मी खानार न्हाई, सांगून ठेवते."

"नका खाऊ, अक्का. दोर तेवढा सोडू नका."

"सोडायचं असतं तर गेल्या सालीच सोडलं असतं तुला."

उन्हं चढल्यावर पाण्यात उतरलो. उघडी शिंपली दिसली की फेकायची. मिटलेली काढायची. अर्धवट उघडी असली तर दगडावर टिचकवायची, मिटली तर घ्यायची. धाकटी नणंद एकदा मांडीपर्यंत रुतली. अक्कांनी दोर ओढला आणि वर शिव्याही दिल्या. दोन टोपल्या शिंपल्या आणि ओच्यात मूठभर झिंगे घेऊन आम्ही उन्हातच परतलो. घंघाळात स्वच्छ पाणी घालून तीनदा बदललं. शिंपल्यांनी सगळी रेती टाकली.

सकाळी येसराचा मसाला घालून कालवण केलं आणि भगुणं उचलून चावडीपुढं नेलं. गुरं सोडायची वेळ, सगळं गाव तिथंच. मी मांडी घालून बसले आणि ज्वारीच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. सासरे मान खाली घालून उभे होते. पटेल म्हणाले, "उद्या बघू."

"उद्या कशाला? सांजेलाबी बघा, मी हितूनच पानी नेते."

त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन खेपा जास्त घातल्या, दर खेपेला चावडीवरून. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या सकाळी पटेलांनी माझ्याकडे बघायचं सोडून दिलं. त्याच दिवशी अक्कांनी भगुण्यात हात घातला. घंघाळात उरलेल्या शिंपल्यांच्या ताज्या कालवणातली एक शिंपली काढून उलटीसुलटी बघितली, खाल्ली, आणि म्हणाल्या, "तिखट कमी हाय."

मनाई उठल्याची दवंडी कधीच पिटली नाही. पुढच्या पौषात पटेलांच्या पेंढ्या तेवढ्या पार खालच्या वळणावर गेल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. टोपल्या उचलल्या आणि वरच्या अंगाला गेलो.