मैल्याच्या टाकीचे उभे गंध

देहाला नऊ दारे आहेत, हे सांगताना निरूपणकारांचा कंठ दाटून येतो. पण त्यांतल्या शेवटच्या दोन दारांचे नाव घ्यायची वेळ आली, की तोच कंठ खाकरतो आणि विषय बदलतो. नैवेद्याच्या ताटाचे वर्णन अर्धा तास चालते. त्या ताटाचे पुढे काय झाले, हे कुणी विचारू नये. देवाने मात्र असा सोवळेपणा केला नाही. ज्याला पोट दिले, त्याला सकाळही दिली; राजाला दिली, रंकाला दिली आणि पूजा सांगणाऱ्यालाही दिली. म्हणून पहिले वंदन त्या दोन उपेक्षित दारांना, आणि दुसरे वंदन त्या दारांपलीकडची टाकी मनोभावे सांभाळणाऱ्या धोंडिबाला.

धोंडिबा मूळचा चंदगडकडचा. ऐन तारुण्यात तो डिचोलीच्या खाणींवर आला, खनिजाचा ट्रक चालवू लागला, आणि तिथली लाल धूळ त्याच्या अंगात अशी मुरली की कपाळ पुसले तरी रुमालाला कुंकू लागावे. पुढे खाणी बंद पडल्या. ट्रक गेला, पण ट्रकवाल्याच्या सवयी राहिल्या. त्यांतली सर्वांत कडक सवय अवसेची. गाडी कुणाचीही असो, अमावास्येच्या सकाळी तिच्यावरून मीठ-लिंबू उतरायचे, तिला कुंकू लावायचे, मगच चावी फिरवायची. त्याने आयुष्यात एकदाही गाडी उलटवली नव्हती, आणि याचे सारे श्रेय तो लिंबाला देत असे, ब्रेकला नाही.

ट्रक गेल्यावर तो पेडण्यात उतरला, हरमलच्या कमलाक्षीबायकडे. ही बाई पर्यटकांना खोल्या देई आणि चालकांना शिव्या देई; दोन्ही स्वच्छ असत. तिने एक जुनी कॅराव्हॅन विकत घेतली होती. चाकांवरचे घरच ते! आत बिछाने, चूल, मेज, जनेलांना पडदे, न्हाणी आणि शौचालय. पाहुण्यांना त्यातून फिरवणे हे धोंडिबाचे काम, आणि पाहुण्यांनी मागे ठेवलेले सांभाळणे हेही त्याचेच. शौचालयाखाली मैल्याची टाकी होती. तिच्या बाहेरच्या भिंतीत एकावर एक असे चार स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूची वायर वर स्वयंपाकाच्या ओट्याशेजारच्या पॅनलवर. पॅनलचे बटण दाबायचे. टाकीतला ऐवज ज्या स्क्रूपर्यंत चढला असेल, तिथपर्यंतचे दिवे लागायचे. एक दिवा म्हणजे तळ ओला. चारही दिवे म्हणजे आता संयम हाच परमार्थ.

पण ते पॅनल सिद्धावस्थेला पोहोचले होते. टाकी खोल्यांच्या सेप्टिक टाकीत रिती करा, धुवा, पुन्हा धुवा. बटण दाबले की चारही दिवे. पूर्ण, परिपूर्ण, सदैव पूर्ण! एखाद्या बुवाला कधीही विचारावे, ‘महाराज, कसे आहात?’ आणि त्याने पोटावर हात फिरवून ‘आनंद’ म्हणावे, तसे. बुवाचे जे व्हायचे तेच पॅनलचे झाले. धोंडिबाचा विश्वास उडाला, त्याने बटण दाबणेच सोडले. आणि एके दिवशी ती टाकी खरोखरच भरली. पाहुण्यांसह गाडी कमलाक्षीबायच्या अंगणात शिरली, समोर कोंबडी आडवी आली, धोंडिबाने ब्रेक दाबला. आणि जे खाली होते ते वर आले, उंबरा ओलांडून पायऱ्या उतरले आणि तुळशीच्या दिशेने चालू लागले.

"मेल्या धोंडिबा! माझ्या तुळशीसमोर ह्यां काय ओतलंस?"

"बाय, दिवा भरली म्हनत व्हता."

"मगे आयकलंस कित्याक नाय?"

"त्यो रोजच म्हनतोय की!"

"तुझी बायलय रोज सांगता. म्हणान काय ती खोटी?"

ही बायल, म्हणजे धोंडिबाची बायको वत्सला, त्या वेळी खोल्यांच्या पडवीत चादरी घड्या करीत उभी होती. तिने सारे पाहिले, नाकाला पदर लावला नाही, पण तिच्या चेहऱ्यावरचे काहीतरी मावळले. ते काय होते, हे फक्त धोंडिबाला ठाऊक होते.

वत्सलाला साखरेचा आजार, वर रक्तदाबासाठी पाण्याची गोळी. तिला वाटेत थांबावेच लागे, आणि वाट पुरुषांसाठी बांधलेली. पुरुषाला एक झाड पुरते; बाईला झाड, आडोसा, अंधार आणि नशीब, सारे एकदम लागते. काही वर्षांपूर्वी माहेरच्या देवीच्या जत्रेला जाताना आंबोली घाटात तिने बस थांबवायला सांगितली होती. चालकाने ऐकून न ऐकल्यासारखे केले, मागच्या बाकावरची पोरे हसली, आणि पुढे जे झाले ते तिने धोंडिबाशिवाय कुणाला सांगितले नाही. लुगडे बदलून ती भावाच्या दारात उभी राहिली. त्यानंतर ती जत्रेला गेलीच नाही. भाऊ दर वर्षी फोन करी. ती दर वर्षी म्हणे, ‘गुडघा धरलाय.’ गुडघ्यावर इतका खोटा आळ कुणीच घेतला नसेल.

कॅराव्हॅन आली तेव्हा धोंडिबाने तिला एकदा आतले शौचालय दाखवले होते. दाराला कडी होती. वत्सलाने ती कडी आतून लावून पाहिली, काढली, पुन्हा लावली. देवळाच्या घंटेला कुणी इतक्या हळुवारपणे हात लावत नाही. कमलाक्षीबायनेही सांगून टाकले होते, "जत्रेक तिका माझ्या गाडयेतसून व्हर. पावसाच्या तोंडार खंयचो पावणो येवचो आसा?" आणि आता हे अंगणातले दर्शन!

"न्हाई यायची मी," रात्रीच्या भाकऱ्या थापताना वत्सला म्हणाली. "भावाच्या दारात, भावजयांच्या डोळ्यांम्होरं असं वर आलं, तर कुठल्या तोंडानं माघारी यायचं? त्यो दिवा ज्या दिवशी खरं बोलंल, त्या दिवशी बसते गाडीत."

"आगं, दिव्याचं काय घिऊन बसलीस? मी हाय की."

"तुमी हायसा म्हनूनच सांगतीया."

तेव्हापासून धोंडिबाने टाकीचे व्रत घेतले. त्याने तिच्या अंतरंगाचा अभ्यास केला. पाहुणे कागदाचे बोळेच्या बोळे टाकत आणि पाणी मात्र तीर्थासारखे, पळीभर सोडत. तो कागद आतल्या स्क्रूंना बिलगून बसे आणि दिवे विझू देत नसे. गाडी सेप्टिकला जोडून उभी असली की काही शहाणे टाकीचा व्हॉल्व उघडाच ठेवत. मग पातळ ते वाहून जाई आणि उरलेले तळाशी समाधी लावून बसे. धोंडिबाने व्हॉल्व बंद ठेवला. टाकी चांगली भरू दिली, मगच एकदम सोडली, म्हणजे लोंढा सारे काही ओढून नेई. पाहुण्यांना तो दारातच प्रवचन देऊ लागला, "पानी सोडा मालक! धरम करताना हात आखडा, हितं आखडू नका."

मग त्याने अर्धी टाकी गरम पाण्याने भरली, त्यात भांड्यांचा साबण बाल्दीभर कालवला आणि गाडी थेट डिचोलीला, खाणींच्या जुन्या रस्त्यांवर नेली. ज्या खड्ड्यांना त्याने तरुणपणी पोटभर शिव्या दिल्या होत्या, त्यांना आज हात जोडले. गाडी डोलू लागली, टाकी घुसळू लागली. समुद्रमंथनात देवांनीही इतका दोर ताणला नसेल. तिथून निघाले ते रत्न नव्हते, पण परत येऊन रिकामी केल्यावर बटण दाबले, तेव्हा एकही दिवा लागला नाही. धोंडिबा अंगणात नाचला. वत्सला म्हणाली, "बघू."

अवस आली, आणि चारही दिवे लागले.

काही दिवसांनी ते आपोआप विझले. पुढची अवस आली, पुन्हा चारही. धोंडिबाने पुन्हा साबण कालवला, पुन्हा खड्डे गाठले. पुन्हा शुद्धी, पुन्हा अवस, पुन्हा पूर्णब्रह्म. शेवटी किनाऱ्यावर बसून विचार करता करता त्याला साक्षात्कार झाला, आणि तो धावत कमलाक्षीबायकडे गेला.

"बाय, उमगलं! आवसंला दर्याला उधान येतंय न्हवं? हितं दर्या जवळ. त्यो टाकीला वढतोय!"

कमलाक्षीबाय माशांना मीठ लावत होती. तिने हात थांबवला नाही.

"उधाण पुनवेकय येता. पुनवेक काय तुझी टाकी उपास करता?"

धोंडिबा खिन्न झाला. जत्रेच्या अगोदर एकच अवस उरली होती, आणि भक्त खिन्न झाला की भक्ती वाढवतो. टाकीवर कुणाचीतरी वाईट नजर आहे, अशी त्याची खात्री पटली. त्याने ठरवले, या अवसेला पूजा अशी करायची की नजर पळून जाईल.

त्या सकाळी तो उठला, न्हाला, गाडीवरून मीठ-लिंबू उतरले, आणि नेहमीप्रमाणे ताटली घेऊन गाडीखाली सरपटला. तिथे तो काय करतो हे आजवर कुणी पाहिले नव्हते. त्याच्या मते इंजिन हे गाडीचे हृदय, दिवे हे डोळे. पण गाडी ज्यांच्यामुळे बदनाम होते ते टाकीचे चार स्क्रू, हे तिचे कपाळ. ट्रक होता तेव्हा चाकांच्या नटांना कुंकू लागे. आता मान या स्क्रूंचा. उतरलेल्या मिठावर तो लिंबू पिळी, त्यात कुंकू कालवी, आणि खालच्या स्क्रूपासून वरच्या स्क्रूपर्यंत एकच सलग, रसरशीत, उभे गंध ओढी.

टाकी आदल्या दिवशीच धुतलेली, रिकामी. वत्सला चहाचा पेला घेऊन गाडीत चढली होती. खालून मंत्रासारखे काही पुटपुटणे ऐकू येत होते. पेला ओट्यावर ठेवून तिने सहज पॅनलचे बटण दाबले आणि दाबून धरले. पॅनल कोरे होते.

मग पहिला दिवा लागला.

तिने डोळे बारीक केले. दुसरा लागला. शौचालयात कुणी नव्हते, दाराची कडी बाहेरून लावलेली. तिसरा लागला. खालचे पुटपुटणे टिपेला पोहोचले आणि चौथाही लागला.

"अवो!" तिने हाक मारली. "काय करताय खाली?"

"पूजा!"

"कशाची?"

"गंध लावतोय, टाकीला."

"पुसा."

"आं?"

"पुसा म्हनते न्हवं! वरनं खाली, ओल्या फडक्यानं."

लग्नानंतर एवढ्या वर्षांत देवाचे काम तिने कधी मध्येच थांबवले नव्हते. मग फडके फिरल्याचा आवाज आला. चौथा दिवा विझला. तिसरा विझला. दुसरा विझला, आणि शेवटी पहिलाही.

"आता लावा."

दिवे लागले.

"पुसा."

दिवे विझले. वत्सला पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. धोंडिबा कोपरे घासत बाहेर आला. नाकाला कुंकू, मिशीत लिंबाची बी. मिठालिंबाचे पाणी विजेला वाट करून देते, हे जुन्या ट्रकवाल्याला समजावून सांगावे लागले नाही. खाऱ्या वाऱ्यात ते गंध बरेच दिवस सुकत नव्हते, आणि ते सुकेपर्यंत कुंकवाच्या त्या एका रेषेने चारही स्क्रूंना बाहेरूनच एकमेकांच्या आलिंगनात बांधले होते. आतला मळ त्याने केव्हाच काढला होता. उरला होता तो बाहेरचा, स्वतःच्या बोटाने लावलेला. देव भक्तीचा भुकेला आहे खरा, पण सेन्सर नाही.

"म्हंजी मीच?" तो म्हणाला.

"तुमीच."

"मग आता पूजाच करायची न्हाई?"

वत्सलाने त्याच्या मिशीतली बी काढली. "करा की. काचंवर लावा गंध. कपाळ वर असतंय मानसाचं, ढुंगनाला न्हाई."

कमलाक्षीबायला हे कळले तेव्हा तिने देवाला हात जोडले आणि धोंडिबाला अशी एक शिवी दिली, की जी इथे लिहिता येणार नाही. पण त्या शिवीत आशीर्वादाइतकीच माया होती. जत्रेसाठी निघताना तिने स्वतः उतरून समोरच्या काचेला कुंकू लावले, आणि उरलेल्या कुंकवाची डबी मात्र आपल्याकडेच ठेवून घेतली.

आंबोलीचा घाट सुरू झाला तशी वत्सला वळणे मोजू लागली. जे वळण बसमध्ये तिने दात आवळून काढले होते, ते समोर येऊ लागले. "थांबवा," ती म्हणाली. हा शब्द पूर्वीही तिने याच घाटात उच्चारला होता. धोंडिबाने गाडी रुंद कडेला घेतली, इंजिन बंद केले, आणि मागे न बघता समोरच्या धुक्याकडे बघत बसला. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग पाण्याचा आवाज, भरपूर, सढळ हाताचा. मग बटण दाबल्याचा खट्ट.

"किती?" त्याने विचारले.

"एक," ती म्हणाली, आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. तिने जनेल उघडले आणि घाट चढून संपेपर्यंत ती काहीतरी गुणगुणत राहिली.

जत्रेच्या माळावर माणसांचा समुद्र होता आणि आडोसा नावाला नव्हता. भावजया गाडी बघायला आल्या. धाकटीने हळूच विचारले, "वन्सं, आत खरंच हाय व्हय? कडी लागतीया?" वत्सलाने दार उघडले. धाकटी गेली आणि उजळलेल्या चेहऱ्याने बाहेर आली. मग थोरली गेली, मग तिची सून, मग शेजारीण, मग शेजारणीच्या ओळखीची. बघता बघता देवीच्या दर्शनरांगेला समांतर अशी दुसरी रांग उभी राहिली, आणि खरे सांगायचे तर तिथे भाव अधिक होता. वत्सला पायरीवर उभी राहून सांगत होती, "कागुद न्हाई टाकायचा. पानी भरपूर सोडायचं. देवाला पळीभर चालतंय, हिला न्हाई."

दुसरा दिवा लागला, तिसरा लागला. दुपार कलली तेव्हा चौथा लागला. नेमकी त्याच वेळी थोरली भावजय दुसऱ्यांदा आली होती, पाय आवळत.

वत्सलाने दाराची कडी बाहेरून लावली.

"भरली वैनी. दिवा म्हनतोय."

"आगं, माझ्यापुरतं! दिव्याचं काय घिऊन बसलीस?"

"खरं बोलतोय त्यो," वत्सला म्हणाली. "धोंडिबा, चला! दादाच्या मागल्या सेप्टिकच्या टाकीत सोडून येऊ. वैनी, तुमी बी बसा गाडीत, घरी जाऊनच मोकळ्या व्हा."

नवऱ्याचे नाव तिने सगळ्यांसमोर घेतले होते. रांगेतल्या बायका ते ऐकून पदराआड हसल्या. धोंडिबाला मात्र ते ऐकूच आले नाही. त्याने चावी फिरवली, आणि चार दिव्यांवर संपूर्ण विश्वास ठेवून, ब्रेकला अगदी हळुवार पाय लावत, गाडी माळावरून खाली घेतली.