नाकारलेल्या खुणा

बाय गेली त्याला वर्ष व्हायच्या आतच वहिनीने तिला परत बोलवायचं ठरवलं. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. तीही बिनलग्नाची, मीही. पेडण्याच्या घरात आमचा जन्म गेला. भाऊ नोकरीसाठी वास्कोला गेला तो तिकडचाच झाला. त्याच्या मुलीचं लग्न दोनदा जमता जमता मोडलं आणि वहिनीच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की बायचा जीव घुटमळतोय. जिवंतपणी जी वास्कोला दोन दिवस राहायला तयार नसायची, ती मेल्यावर तिकडे कशाला तडमडेल, असं मी विचारलं. वहिनीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

डिचोलीच्या बाजूला एका गावात एका बाईच्या अंगात भार येतो आणि त्या भारात गेलेलं माणूस बोलतं, अशी तिची ख्याती. एरवी ती काजूच्या कारखान्यात कामाला जाते, रविवारी तेवढी बसते. तिची रीत ठरलेली. समोर सुपात तांदूळ, मांडीवर गेलेल्या माणसाचं एखादं कापड. भार आला की आलेल्या जिवाने आपण तोच असल्याची खूण द्यायची. ती पटली की नाही हे सांगायचा मान एकाच माणसाचा, जो गेलेल्याबरोबर एका छपराखाली राहिला त्याचा. भाऊ रक्ताचा असला तरी त्याला तिथे विचारत नाहीत. खूण पटली की जीव आपली इच्छा सांगतो, मग त्याच्या नावाने नारळ फोडतात आणि तो सुटतो. सुटलेल्याला पुन्हा बोलवायचं नाही. पटली नाही तर महिन्याभराने परत या.

माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. तुयेच्या कारखान्यात मी औषधाच्या गोळ्यांच्या पट्ट्या तपासते. ज्या पट्टीत एखादी गोळी कमी, ती बाजूला टाकायची, एवढंच काम. इतकी वर्षं तेच करून माणसांकडेही मी तशीच बघते, असं बाय म्हणायची.

पहिल्या रविवारी बाईने बायची निळी साडी मांडीवर घेतली. थोडा वेळ ती घुमली, केस सुटले. मग अगदी साध्या आवाजात, जो बायचा मुळीच नव्हता, ती माझ्याकडे बघून बोलायला लागली. म्हणाली, थंड पडलेले पाय मी तुझ्या पोटऱ्यांना लावून निजायची आणि तू करवादायचीस.

हे खरं होतं. ऐन मे महिन्यातसुद्धा बायचे पाय गार असायचे. आता म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकांचे पाय गारच असतात, हे काय मला कळत नाही? वहिनी बाहेर पडवीत तासभर बडबडत बसली होती, त्यातून बाईला निम्मंअधिक कळलं असणार. पण वर्षभरात बायच्या पायांबद्दल कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. भाऊ फोन करायचा तो नळाला पाणी येतं का, विजेचं बिल भरलं का, एवढंच विचारायला. कारखान्यातल्या बायका पंधरवडाभर हळहळल्या आणि मग आपापल्या सुनांकडे वळल्या. मला वाटलं, मी हो म्हटलं की झालं. एक नारळ फुटेल आणि बायबद्दल बोलणारं हे एकमेव तोंड बंद होईल.

"पटली काय खूण?" बाईने विचारलं.

"नाय," मी म्हटलं.

तो महिना त्या वर्षातला सगळ्यात बरा गेला. मला कुठेतरी जायचं होतं. मोप्याला उतरणारी विमानं डोक्यावरून गेली की भांड्यांची फळी थरथरते, त्या आवाजाने मी एरवी वैतागते. त्या महिन्यात त्याचंही काही वाटलं नाही. मी दोन वेळा नीट रांधून जेवले.

दुसऱ्या खेपेला बाईने भलतंच काढलं. सोमवारी मागचं दार लावून आपण सुकी सुंगटं भाजून खायचो, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. बायचा सोमवारचा उपास अख्ख्या वाड्याला ठाऊक होता आणि ही चोरून खाल्लेली कोळंबी फक्त मला. वहिनीने माझ्याकडे अशी मान वळवली की मला हसू आवरेना. आमच्याकडे सोमवार कडक पाळतात, खूण पटत नाही, असं मी ठासून सांगितलं. भाऊ चुळबुळला. बाई मात्र अर्धवट मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिली.

तिसऱ्या रविवारी भार आला, बाई घुमली आणि गप्प झाली. सुपातले तांदूळ तिने हाताने सारखे केले, साडीची घडी घातली.

"ती येना," ती म्हणाली. "म्हणता, तिका म्हायत आसा."

भावाला काही कळलं नाही. आता काय करायचं, असं तो विचारायला लागला. पण ती 'तिका' म्हणजे मी, हे मला लगेच कळलं. बायने एखादी गोष्ट दोनदा सांगून समोरच्याला पटली नाही की ती तिसऱ्यांदा सांगायची नाही. भांडणात मी कितीही तोंड सोडलं तरी "तुला माहीत आहे" एवढंच म्हणून ती घासायला भांडी घेऊन बसायची. चार चार दिवस घरात शब्द नसायचा, आणि शेवटी मलाच रडू यायचं. जगात असा अबोला दुसऱ्या कुणाला धरता येत नाही. पायांची खूण मी झटकली होती, सुंगटांची झटकली होती. ही झटकता येईना.

"पटली," मी म्हटलं. बाईला ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणावं लागलं.

भावाने नारळ फोडला. वहिनीने हात जोडले आणि मुलीचं एकदा मार्गी लाव म्हणून पुटपुटली. बायने काहीच मागितलं नव्हतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाईने केस बांधले, तोंड धुतलं आणि आमच्यासाठी चहा केला. आता ती नुसती दमलेली, चारचौघींसारखी बाई होती. मला कप देताना तिने सहज विचारलं, घरी कोण कोण असतं.

वर्षभर हा प्रश्न कुणी विचारला की माझ्या तोंडून आपसूक निघायचं, आम्ही दोघी. बसमध्ये, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, सगळीकडे मी तेच सांगितलं होतं.

"मी एकटीच," मी म्हटलं.