भारोभार गूळ

शालिकराम बसऱ्याच्या लढाईहून इतवारी पेठेत परतला, तेव्हा अंगावर वर्दी होती, आत माणूस फारसा उरला नव्हता. तो पलटणीत खच्चरं हाकायचा. शत्रूच्या वेढ्यात उपासमारीनं आधी खच्चरं संपली, मग माणसं.

नवरा जिता आला तर त्याच्या भारोभार गूळ वाहीन, असा नवस बायको मनकर्णानं मारुतीला केला होता. आता तिला घाई झाली होती.

"आताच तराजूत बसून घ्या. दोन महिने जेवले का मले झेपनार नाही."

पुजारी बापूजींचं मत उलट होतं. "मानसाले जरा बाळसं तर धरू दे, वं."

शालिकराम दोघांचंही ऐकेना. "मी नाही बसत. माझ्या जोडीच्या गिरिधरसाठी याले किती हाका मारल्या. पानी पानी करत तो माझ्या मांडीवर गेला. तवा हा कुठं होता?"

"देवाले असं बोलू नये, गा," बापूजी म्हणाले.

"तो बोलत नाही, म्हनून मी बोलून राहिलो."

पुढं देवळावरून जाताना तो मान फिरवून चालू लागला आणि एकदा तेलाच्या हातगाडीत जाऊन पडला. मनकर्णानं हळद लावली, पण ताटातला भात काही वाढवला नाही.

मग कुही गावाहून गिरिधरची आई रंभाबाई बैलगाडीत गुळाच्या भेल्या घेऊन आली. तिचाही तोच नवस होता.

"पोरगा तर आला नाही. गूळ का मुंग्याइले देऊ? तू बस, बाबू."

तिला नाही म्हणणं त्याला जमेना. देवळात टांगलेल्या तराजूत शालिकराम मारुतीकडे पाठ करून बसला. समोर सगळ्या भेल्या चढल्या, तसा तो पाय लोंबकळत वर गेला.

"गूळ जास्त झाला," बापूजी खूश होऊन म्हणाले.

"गिरिधर अंगानं भरलेला होता ना," रंभाबाई म्हणाली. "मी त्याच्या मापानं घेतला."

शालिकराम तिथं वरच हसू लागला आणि हसता हसता रडू लागला. पारडं असं डुलत राहिलं की वजन कोणालाच कळेना. शेवटी रंभाबाईनं त्याचा पाय धरून ते थांबवलं. जास्तीच्या भेल्या बापूजींना न विचारता उतरवल्या, फोडल्या आणि आळीत वाटल्या.

शालिकरामनं हात जोडले नाहीत. पुढंही कधी जोडले नाहीत. पण दरवर्षी धानाच्या रोवणीला तो कुहीला जाऊ लागला. शेताच्या वाटेवरच्या मारुतीजवळ रंभाबाई थांबायची, तेव्हा तिच्या डोक्यावरची रोपांची पेंढी तो आपल्या हातात घ्यायचा.

"झालं का, माय?"

"थांब जरासा."

तो थांबायचा.