छताला भिडलेला पाइन

सुनेत्राची नोकरी अमेरिकेतल्या राले शहरातल्या एका प्रयोगशाळेत. होंडुरासच्या डोंगरांवरून नाहीशा होत चाललेल्या पाइनचं बी ती गार खोलीत जपते. अधूनमधून थोडं बी रुजवून बघायचं, कोंब मोजायचे आणि फेकून द्यायचे, हा तिथला नियम. एकदा एक कोंब तिच्यानं फेकवेना. मॅनेजरला विचारून तिनं तो घरी आणला आणि थंडीसाठी आत घेतलेल्या तुळशीशेजारी, रोपांना ऊन म्हणून लावलेल्या दिव्याखाली ठेवला.

सहा वर्षांत रोप छताला भिडलं. बाहेर लावावं तर उबदार मुलखातलं ते, इथल्या पहिल्याच हिवाळ्यात मरणार.

"मग आता काय?" प्रसन्ननं, तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"डोंबल माझं!" म्हणत ती स्टुलावर चढली आणि तिनं कात्रीनं शेंडा उडवला. उतरली तेव्हा हात चिकट झाले होते.

"जगवलं रे मी त्याला," ती म्हणाली, "पण झाड नाही होऊ दिलं."