खिळ्यांची कमान

स्काउट-गाईडच्या शिबिरात कमान उभी करताना खिळा वापरत नाहीत. बांबू, काठ्या आणि दोरी एवढ्यावर ती उभी राहायला हवी, कारण परीक्षा बांधणीची असते. येरमाळ्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या एका मैदानावर तीन दिवसांचे चाचणी शिबिर झाले. तिथल्या आठही कमानी खिळ्यांवर उभ्या होत्या. आठही कमानींना दहापैकी दहा गुण मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका मुलीचे गुण काढून घेण्यात आले. ती मुलगी माझ्याबरोबर आली होती.

धाराशिवमध्ये एका दैनिकाच्या जिल्हा पानाचे काम मी बरीच वर्षे करते आहे. पान संध्याकाळी लागते, त्यामुळे दुपारपर्यंत मी मोकळी असते. तेरजवळच्या एका गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी याच मोकळ्या वेळेवर बोट ठेवले. शाळेत गाईडची तुकडी कागदावर होती, पण ती घ्यायला कोणी शिक्षिका तयार नव्हती. "तुम्ही नुसतं नाव द्या," त्या म्हणाल्या. नुसते नाव द्यायचे मला पटले नाही. मी सात दिवसांचे प्रशिक्षण घेतले, गणवेश शिवून घेतला आणि दर शनिवारी सकाळी बसने जाऊ लागले. मानधन नव्हते, ते मी मागितलेही नव्हते.

पहिल्या दोन महिन्यांत लक्षात आले की बहुतेक शाळांत गाईडचे काम म्हणजे नोंदवही. नोंदवह्या तयार मिळतात. सहलीला न जाता सहलीचे वर्णन, झाड न लावता झाडाची नोंद. एका केंद्रावर तीन शाळांच्या वह्यांत एकाच आजीला रस्ता ओलांडून दिलेला मी वाचला. अक्षर वेगळे होते, आजी तीच होती आणि चूकही तीच होती: त्या तिन्ही गावांत ओलांडण्याजोगा रस्ता नव्हता.

आमच्या तुकडीत आठ मुली. त्यांची संघनायिका नववीत होती. उंचीने सगळ्यांत कमी, आवाजाने सगळ्यांत मोठी. तिचे वडील मालवाहू टेम्पो चालवत. तिला दहावीनंतर लातूरला विज्ञान शाखेला जायचे होते आणि वडिलांनी एक अट घातली होती. ती तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितली.

"पप्पा म्हनले, शिक्क्याचा कागद आन, मग लातूरचं बघू. न्हायतर हितंच."

शिक्क्याचा कागद म्हणजे या चाचणीचे प्रमाणपत्र. त्याचे दहावीला वाढीव गुण मिळतात. तिच्या वडिलांना त्या गुणांपेक्षा शिक्का महत्त्वाचा वाटत होता. आपली मुलगी बाहेरगावी टिकेल, हे कोणीतरी परक्या माणसाने लिहून द्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे. दहावीच्या वर्षात पुन्हा शिबिर करता येणार नव्हते. संधी ही एकच होती.

म्हणून वर्षभर आम्ही कमान बांधली. शाळेमागे बांबू रोवायचे, आडवा बांबू चढवायचा, चौकोनी बांधणी घालायची, मोडायची, परत घालायची. पहिली कमान शेळी अंग घासून गेली तेव्हा पडली. त्यानंतर संघनायिका बांधणी झाली की बांबूला लटकून बघायची. "शेळीपरीस मी जड हाय," ती म्हणायची. दिवाळीनंतर कमान पडली नाही.

शिबिराच्या पहिल्या दिवशी दुपारी आठ शाळांच्या तुकड्यांनी आपापल्या तंबूसमोर कमानी उभ्या केल्या. आमच्या मुलींना चार तास लागले. कमान थोडी बुटकी आणि डावीकडे किंचित झुकलेली होती, पण हलत नव्हती. इतर सात कमानींपैकी तीन बऱ्या होत्या, दोन वाकड्या, दोन उभ्याच राहिल्या नाहीत. परीक्षेत असेच व्हायला हवे.

पाचच्या सुमारास शिबिरप्रमुख मैदानावरून चक्कर मारून गेले. ते एका शाळेतले ज्येष्ठ शिक्षक होते, शिट्टी गळ्यात आणि मोबाईल कानाला. दुसऱ्या दिवशी एक पाहुणे येणार होते. प्रमुखांनी कमानींकडे बघून कोणाला तरी फोनवर सांगितले, "एक रांग सरळ नाही हो. फोटोत काय दिसणार?" अर्ध्या तासात मंडपवाल्यांचा टेम्पो आला.

मंडपवाले साठीचे गृहस्थ होते. मुली त्यांना लगेच चाचा म्हणू लागल्या. त्यांनी आमची कमान हाताने हलवून बघितली आणि थांबले.

"ही बांधलीया की चांगली. कशाला काढायची?"

"सरांनी सांगितलंय, सगळ्या एकसारख्या," त्यांच्याबरोबर आलेला प्रमुखांचा एक सहायक म्हणाला.

"पाव्हणा वाकून येईल खालून," चाचा मुलींना म्हणाले. "देवळात वाकतो, तसा हितं बी वाकंल. काय बिघडतंय?"

मुली हसल्या. सहायक हसला नाही. कमान सुटली. मुलींनी चार तासांत घातलेली दोरी दोन माणसांनी कोयत्याने कापली, सोडली नाही. त्या जागी सरळ, उंच बांबू आले. जोडांवर खिळे ठोकले गेले आणि खिळे दिसू नयेत म्हणून वरून नवी पांढरी दोरी गुंडाळली गेली.

"चाचा, खिळा चालत न्हाय," संघनायिका म्हणाली.

"पोरी, आठ कमानी दोन घंट्यात पायजेत. दोरीनं व्हत न्हाय."

मी शिबिरप्रमुखांकडे गेले. कमानी परीक्षेचा भाग आहेत, हे मी सांगितले. त्यांनी खिशातून गुणपत्रक काढून दाखवले. कमान या रकान्यात सगळ्या मुलींपुढे दहा लिहिलेले होते.

"तुमच्या पोरींचं काय नुकसान झालं मॅडम? उलट फायदाच केला की."

मी परत आले. त्या वेळी याहून जास्त मी काही केले नाही.

पाहुणे नऊला येणार होते. मुलींना साडेआठपासून दोन रांगांत उभे केले होते. पाहुणे अकरा पन्नासला आले. मधल्या वेळात दोन मुली चक्कर येऊन खाली बसल्या. त्यांच्याजवळ गेलेल्या सहायकाने आधी त्यांचा स्कार्फ सरळ केला, मग पाणी मागवले. समोरच्या शामियान्यात पाहुण्यांसाठी पंखे लावलेले होते आणि ते रिकाम्या खुर्च्यांवर सकाळपासून फिरत होते.

छायाचित्रकार आधीच आला होता. त्याला मुली कमान बांधताना हव्या होत्या. आमची तुकडी रांगेच्या टोकाला असल्याने प्रमुखांनी संघनायिकेला बोलावले, तिच्या हातात दोरीचे एक टोक दिले आणि तिला कमानीच्या खांबाशी उभे केले. "बांधतेय असं कर," ते म्हणाले. "खरंच काही करू नको, सुटेल." ती दोरी धरून उभी राहिली. मी बातमीदारीत अशी बरीच छायाचित्रे पाहिली आहेत. खराट्याला हात लावून उभे राहिलेले, रोपाला पाण्याचा एकच तांब्या घालणारे. एवढ्या जवळून, माझ्या शनिवारांतून तयार झालेले छायाचित्र मी पहिल्यांदाच पाहत होते.

पाहुणे कमानीपाशी थांबले. ते वाईट माणूस वाटले नाहीत. त्यांनी खाली वाकून विचारले, "छान बांधलीस बाळ. किती वेळ लागला?"

"आमची बांधायला चार तास लागले सर. ती काल कापली. ही मंडपवाल्या चाचांनी बांधलीया."

पाहुण्यांना ती गंमत वाटली असावी. ते हसले. तिने हातातली दोरी सोडली, खांबावरचे गुंडाळलेले वेढे अंगठ्याने वर सरकवले आणि खिळ्याचे डोके दाखवले.

"खिळा हाय. आमी खिळा लावत न्हाय."

पाहुण्यांनी प्रमुखांकडे पाहिले, मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "खरं बोलणारी पोरगी आहे," असे म्हणून ते पुढच्या कमानीखालून निघून गेले. भाषणात त्यांनी प्रामाणिकपणावर भर दिला. ते एकूण अर्धा तास थांबले.

जेवण झाल्यावर प्रमुखांनी आम्हा दोघींना तंबूत बोलावले. ते आधी माझ्याशीच बोलले.

"मॅडम, तुम्ही पेपरवाल्या. हे पढवून आणलंय, आम्हाला कळतं."

"मी काही सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. ते खरे होते आणि ते सांगताना मला अभिमान वाटला नाही. सांगायला हवे होते.

त्यांनी मुलीपुढे कागद सरकवला. "माफीनामा लिही. खोटं बोलल्याबद्दल."

"खोटं काय व्हतं सर?"

"मग उद्धटपणाबद्दल लिही."

तिने बराच वेळ घेऊन दोन ओळी लिहिल्या: कमान आम्ही बांधलेली नव्हती, हे मी पाहुण्यांना सांगितले. त्याने कोणाला वाईट वाटले असेल तर माफ करावे. प्रमुखांनी कागद वाचला, फाडला आणि गुणपत्रकात तिच्या नावापुढचा दहाचा आकडा खोडून तिथे शून्य केले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी शिस्तभंग असे लिहिले आणि पत्रक सहीसाठी माझ्याकडे दिले.

त्या शेऱ्यावर मी सही केली नाही. पण बाकीच्या सात मुलींचे दहा गुण तितकेच खोटे होते आणि त्यांच्यापुढे मी सात सह्या केल्या. त्या सातजणींनी वर्षभर कष्ट केले होते, हा विचार मी तेव्हा केला. तो सोयीचा विचार होता.

तिसऱ्या दिवशी समारोपानंतर मंडपवाल्यांच्या माणसांनी बांबू उपटून टेम्पोत टाकले. काढताना पडलेले खिळे मैदानातच राहिले. जवळच्या शाळेची लहान मुले तिथे अनवाणी खेळतात. संघनायिका डब्याचे झाकण घेऊन वाकून खिळे वेचत होती. तिला कोणी सांगितले नव्हते. गाडी निघायची वेळ झाली तेव्हा तिचे झाकण भरले होते. ते तिने चाचांच्या टेम्पोत ठेवले. शिबिराच्या तीन दिवसांत एवढेच सत्कर्म माझ्या पाहण्यात आले आणि ते कोणत्याही नोंदवहीत गेले नाही.

परतताना तिची मैत्रीण तिच्याशेजारी बसली होती.

"गप बसली असतीस तर काय गेलं असतं गं तुझं?"

"तुमचं काय गेलं?"

"आमचं न्हाय गेलं. तुझंच गेलं."

"मग मी बघते की. तू कशाला रडायलीस?"

मैत्रीण खरेच रडत होती.

त्याच संध्याकाळी शिबिराचे प्रसिद्धिपत्रक माझ्या टेबलावर आले. सोबत छायाचित्र होते: हातात दोरी घेतलेली संघनायिका. मजकुरात, मुलींनी स्वतः उभारलेल्या कमानींनी पाहुणे भारावले, असे वाक्य होते. मी ते वाक्य काढले आणि छायाचित्र वापरले नाही. बातमी मात्र चार ओळींत लावली, कारण पाहुण्यांची बातमी लावायची असतेच. इतर दोन वर्तमानपत्रांत छायाचित्र ठळक आले. खरे काय घडले याची बातमी मी केली नाही. आपला संबंध असलेल्या गोष्टीवर आपण लिहायचे नाही, हा आमच्या कार्यालयाचा नियम आहे. इतकी वर्षे तो नियम मला चांगला वाटत आला होता.

दोन महिन्यांनी सात प्रमाणपत्रे आली. मुख्याध्यापिकांनी त्यांचा एकत्र फोटो काढून कार्यालयात लावला. शेजारी वर्तमानपत्राचे कात्रण लावले. त्या कात्रणात जिचा चेहरा आहे, तिचेच प्रमाणपत्र शेजारच्या फोटोत नाही. हे मी त्यांना दाखवले. "व्हय की," त्या म्हणाल्या. कात्रण अजून तिथेच आहे.

त्यानंतरच्या शनिवारी मी गाईडच्या कामाचा राजीनामा पर्समध्ये घालून गेले. शाळेमागे एक टेम्पो उभा होता. संघनायिकेच्या वडिलांनी बांबू आणले होते आणि ती एकटीच एक लहान कमान बांधत होती. बाकीच्या मुली बसून बघत होत्या. मदतीला आलेल्या दोघींना तिने परत पाठवले होते. तिला पावणेतीन तास लागले.

"तपासा मॅडम," ती म्हणाली.

मी गुणपत्रकाची कोरी प्रत मागवली आणि प्रत्येक जोड तपासला. उजवीकडचा खालचा जोड सैल होता आणि आडवा बांबू पातळीत नव्हता. दहापैकी सात दिले आणि सही केली.

"तीन कशाचे कापले?"

मी सांगितले. तिने जाऊन सैल जोड स्वतः हलवून बघितला आणि मान डोलावली. सैल जोडाच्या दोन गुणांबद्दल तिची तक्रार नव्हती, पातळीच्या तिसऱ्याबद्दल ती बराच वेळ भांडली.

तिच्या वडिलांनी एक खांब दोन्ही हातांनी धरून जोर लावला. तो हलला नाही. त्यांनी दोरीचे वेढे बोटाने बाजूला करून आत पाहिले.

"खिळा कुठाय?"

"न्हाय," ती म्हणाली.

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, वाचला, उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"याच्यावर शिक्का न्हाय व्हय मॅडम?"

"नाही. माझी सही आहे फक्त."

कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. लातूरचे ते काही बोलले नाहीत. टेम्पोत बसताना मुलीला म्हणाले, "बांबू परत द्यायचेत संध्याकाळी. सोडून ठिव. कापू नको दोरी."