उजव्या पानावरचं वाक्य

दिवसातून किती वेळा बघायचे मी ते पान, विचारू नका. गॅसवर दूध ठेवलं की एकदा, चिखलीच्या स्टँडवर जीपमधून उतरले की एकदा, आणि कॉलेजात दोन तासांच्या मध्ये तर नेमच. फोनवर माझं नाव, खाली माझे संशोधनाचे सात पेपर, आणि प्रत्येकासमोर एक आकडा: किती जणांनी आपल्या लिखाणात या पेपरचा दाखला दिला. सायटेशन म्हणतात त्याला. माझी सगळी मिळून नऊ होती. त्यातली चार माझीच मला, नव्या पेपरात जुन्याचा दाखला. बाकीची पाच जिल्ह्यातल्याच ओळखीच्या प्राध्यापकांची. संक्रांतीला बाया एकमेकींना वाण देतात तसे आम्ही दाखले द्यायचो-घ्यायचो.

"मॅडम, स्कोअर?" भूगोलाचे सर डबा उघडतानाच विचारायचे. कॉलेजातल्या सगळ्यांच्या प्रमोशनच्या फायली तेच लावून देत, म्हणून त्यांना विचारायचा हक्कही होता.

"नऊ. नॉट आउट," मी म्हणायचे, आणि फोन पालथा ठेवायचे.

माझा विषय चीनचं राजकारण. त्यातही तिथल्या खेड्यातल्या निवडणुका. चीन मी पाहिलेला नाही. चिनी भाषा येत नाही. जे वाचलं ते दुसऱ्यांनी इंग्रजीत लिहिलेलं. रोहिणखेडच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे बाबा शेती करतात. ते म्हणायचे, "चीनले गेली नाहीस, अन् साऱ्यायले चीन शिकवून राह्यली." मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

म्हणूनच मी एक जाडजूड वही केली होती. डाव्या पानावर चीनचं वाचन, उजव्यावर आपल्याकडचं. समोरासमोर ठेवलं की तुलना करायला सोपं. उजवी पानं बहुतेक बाबांनीच भरली, फोनवरून. ते बोलायचे, मी लिहून घ्यायचे. एकदा म्हणाले, "मतदानाच्या आधीच सारं ठरते. थोरल्या घरच्या म्हाताऱ्यानं ज्याच्या हातावर सुपारी ठेवली, अख्खी भावकी त्याच्याच मागं. मंग मशीन आणा, नाहीतर पेटी." मला ते फार आवडलं. मी खाली दोन रेघा ओढल्या.

मग एके दिवशी नवाचे दहा झाले. आठवड्यात तेरा. युरोपातल्या एका मोठ्या प्राध्यापकानं आपल्या ग्रंथात माझा दाखला दिला होता, आणि त्याचं बघून आणखी तिघांनी. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सर म्हणाले, "प्रमोशनची कमिटी पंधरा दिवसांवर आली मॅडम. हेच पान फायलीत सगळ्यात वर लावू."

घरी येऊन मी तो ग्रंथ उघडला. त्यानं लिहिलं होतं: चीनमधल्या एकाच कुळाच्या गावांत मतदानाआधीच थोरल्या शाखेचा वृद्ध उमेदवाराच्या हातावर खुणेची वस्तू ठेवतो आणि सगळं कूळ त्याला मत देतं. पुढे कंसात माझं नाव.

मी वही काढली. डाव्या पानावर असलं काही नव्हतं. उजव्यावर दोन रेघांसकट बाबा होते.

पेपर पाठवायचा शेवटचा दिवस होता तेव्हा. लाइट जायच्या आत संपवायचा म्हणून एका पानावरून दुसऱ्यावर उड्या मारत टाईप केला होता, आणि गावचं वाक्य चीनच्या भागात गेलं. पण खोटं कशाला बोलू? शेवटचं वाचताना ते मला खटकलं होतं. सगळ्या पेपरात तेच एक जिवंत वाक्य होतं. मी वही उघडून पाहिली नाही, ते राहू दिलं.

चार दिवस कशात जीव लागेना. भाजीत दोनदा मीठ पडलं. शेवटी सरांना सांगून टाकलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "मॅडम, चीनहून कोण येतंय तपासायला? झाकली मूठ सव्वा लाखाची. कमिटी होऊन जाऊ द्या."

रविवारी एसटीनं गावी गेले. बाबा अंगणात तूर वाळवत होते. परदेशात लेकीचं लिहिलेलं वाचतात, हे त्यांनी गावभर केलंच होतं. मी सगळं सांगितलं. ते हातानं तूर पसरत राहिले.

"म्हणजे माह्यं बोलणं तू चीनच्या नावावर खपवलं."

"चुकून झालं, बाबा."

"टाकलं चुकून. ठेवलं बी चुकूनच का?"

त्यांनी चहाही विचारला नाही, हे मला जास्त लागलं.

सोमवारी मी नियतकालिकाला चूक कळवली, त्या प्राध्यापकाला लिहिलं आणि फायलीतून ते पान काढून घेतलं. सर माझ्याशी महिनाभर धड बोलले नाहीत. प्रमोशन झालं नाही. दुरुस्ती मात्र छापून आली, दोन ओळींची, माझ्या नावासकट. प्राध्यापकानं आभार मानले, पुढच्या आवृत्तीत बदलतो म्हणाला. बाकी तिघांना मी दोन-दोनदा लिहिलं. उत्तर नाही.

दुरुस्तीलाही फोनवरच्या त्या पानावर स्वतःची ओळ मिळाली आहे. तिच्यासमोर शून्य. पेपरासमोरचा आकडा वाढतोच आहे. आता त्या तिघांचं वाचून आणखी कोणी कोणी तेच लिहितात. पूर्वी वाढत नाही म्हणून तडफडायचे, आता वाढू नये म्हणून बघते. दूध अजूनही उतू जातं.

परवा बाबांचा फोन आला. "किती झाले आज?"

"एकवीस."

"मंग थांबव ना बाई ते."

"मी सांगितलं सगळ्यांना, बाबा. कोणी ऐकतच नाही."

ते म्हणाले, "आयकतीन कसे? सुपारी ठेवून झाली ना."